डब्यातली आखूड कोरणी

मित्रांनो, मी एक जुनी कोरणी आहे. मला पहिल्यांदा पाहणाऱ्यांना मी मोडका पेचकस वाटते. त्यांचा तरी काय दोष? अळंबीसारखी लाकडी मूठ आणि तिच्यातून बाहेर आलेली पोलादाची बुटकी काडी, एवढाच माझा देह. पण मला जरा उजेडात धरा आणि टोक पाहा. तिथे काही चमकलं, तर समजा मी बोथट झाले. बोथट टोकाला इवलासा सपाटपणा येतो आणि त्यावरून प्रकाश परततो. धारदार टोकावर मात्र प्रकाशाला टेकायलाच जागा नसते. आज माझं टोक अजिबात चमकत नाही, हे मी जरा अभिमानानेच सांगते.

शिकारीच्या उंची बंदुकांना चापाच्या वर, दोन्ही अंगांना, एकेक पोलादी पट्टी असते. त्या पट्टीवर वेली, पानं आणि पक्षी कोरणं हे माझं काम. बंदुकांनी किती पक्षी पाडले हे मला ठाऊक नाही. आम्ही कोरलेले मात्र अजून उडत आहेत.

मला ज्यांनी घडवलं, त्यांना आम्ही अवजारं मनातल्या मनात काका म्हणतो. काकांनी एक पोलादी कांडी घेतली, तिचं टोक घासलं, तिला लालबुंद तापवलं आणि तेलात बुडवलं. त्याने मी कठीण झाले, पण काचेसारखी ठिसूळही झाले. म्हणून त्यांनी मला पुन्हा हळूहळू तापवलं, अंगावर वाळल्या गवताचा रंग येईपर्यंत. थोडा कठीणपणा देऊन मी चिवटपणा घेतला. मग त्यांनी मला तळहातावर मापलं. मूठ तळव्याच्या खळग्यात बसावी आणि टोक अंगठ्याच्या जरासं पुढे यावं, असं ते माप असतं. कोरणी लांब असेल तर टोक डगमगतं, आखूड असेल तर बोटं कामावर घासतात. काकांचा पंजा भलामोठा होता, त्यामुळे मीही चांगली लांबलचक होते.

आमची खोली लहान होती. खिडकीखाली बाक आणि बाकावर चामड्याच्या कड्यात बसवलेला एक जड लोखंडी गोळा. त्या गोळ्याच्या जबड्यात पट्टी घट्ट धरायची. लोकांना वाटतं, वेल कोरताना कोरणी वळते. नाही, मित्रांनो! उजवा हात मला फक्त पुढे रेटतो. डावा हात तो गोळा फिरवतो. चराची खोली उजव्या हातात, वळण डाव्या हातात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मला धार मात्र काकांनी कधीच लावली नाही. ते काम काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. निसण्यावर तेलाचा थेंब टाकून त्या आम्हाला अशा घासत, की आम्हाला गुदगुल्या व्हाव्यात.

"तुमची सगळी कला माझ्या धारेवर उभी आहे, विसरू नका," त्या म्हणत.

"विसरतो कसला? रोज आठवण करून देतेस की," काका भिंगातून डोळा न काढता म्हणत.

धार लागली की ती तपासायची. त्यासाठी काकूंकडे एक भंगार पट्टी होती. सरळ रेघ कोणीही ओढेल, धारेची परीक्षा वळणावर होते. म्हणून काकू त्या पट्टीवर एक छोटंसं पान कोरत आणि कोरणी काकांच्या हाती देत. अशी किती पानं झाली, त्या पट्टीकडे कोणी पाहिलंच नाही.

प्रत्येक धारेबरोबर मी थोडी झिजत होते. एक दिवस काकांची बोटं पट्टीवर घासली. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "ही आखूड झाली. टाकून दे." काकूंनी मला टाकलं नाही, खिडकीतल्या बिनझाकणाच्या डब्यात ठेवलं. पण मित्रांनो, डबा तो डबाच. माझ्या डोळ्यांदेखत नवी कोरणी काकांच्या मुठीत गेली. माझ्यावर धूळ बसली. ऊन माझ्या अंगावरून रोज येई आणि जाई, पण हात कोणाचाच येत नसे.

वर्षं गेली. काकांचा उजवा हात थरथरू लागला. आधी बशीत चहा सांडायचा, मग जेवताना घास सांडू लागला. आणि नेमकं तेव्हाच जोडीच्या दोन बंदुकांचं काम हातात होतं. दोन्ही अगदी सारख्या हव्यात, गवतातून झेपावणारी बदकं आणि भोवती वेल. पहिली बंदूक पूर्ण झाली. दुसरीच्या शेवटच्या पट्टीवर बदक झालं, गवत झालं, वेल अर्धी झाली, आणि कोरणी घसरली. गवतावरून एक ओरखडा सर्रकन उमटला. काकांनी कोरणी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

बंदुका बांधणारे मालक आले. ते नेहमी घाईत असत, म्हणून काकू त्यांना 'वावटळ' म्हणत, अर्थात पाठीमागे. त्या दिवशी मात्र ते हळू बोलले.

"काका, राग मानू नका. या आठवड्यात भट्टी लागणार. पट्ट्या एकदा भट्टीत कडक झाल्या, की त्यांच्यावर कुठलीच कोरणी चालायची नाही. उरलेली वेल दुसऱ्या कारागिराकडून पुरी करून घेतो."

"एका जोडीवर दोघांचे हात? आंधळ्यालाही कळेल!"

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

"परवा या," निसण्यापाशी बसलेल्या काकू म्हणाल्या.

"परवा काय होणार आहे?"

"तुम्ही येणार आहात. तेवढं तर नक्की."

मालक गेले. काकांनी हात आजमावायला काकूंची भंगार पट्टी ओढली आणि सवयीने नखाने एक चर चाचपला. नख थांबलं. त्यांनी भिंग लावलं.

"हे मी कधी कोरलं?"

"तुम्ही कशाला कोराल? धार बघते मी त्याच्यावर."

काकांनी भिंग एकेका पानावरून फिरवलं. मग म्हणाले, "नुसती पानंच आहेत. वेल का नाही काढलीस कधी?"

"तुमच्या कोरण्या केवढाल्या! एक पान होईस्तोवर मनगट भरून येतं."

काकांनी थरथरता हात माझ्या डब्यात घातला. धुळीतून मला उचललं, सदऱ्याला पुसलं आणि काकूंच्या तळव्यावर ठेवलं. मूठ खळग्यात बसली. टोक अंगठ्याच्या जरासं पुढे आलं. नेमकं जेवढं यायला हवं तेवढंच!

"कोर," काका म्हणाले.

"आणि बिघडलं तर?"

"बिघडवायचं ते मी आधीच बिघडवलंय."

"अहो, पण तुमच्यासारखं वळण कुठून आणू?"

"वळण आहे की माझ्याकडे." असं म्हणून त्यांनी डावा हात लोखंडी गोळ्यावर ठेवला. तो हात थरथरत नव्हता.

काकूंनी मला निसण्यावर धार लावली, आणि पहिला दिवस भंगार पट्टीवर भांडण्यात गेला.

"हळू फिरवा हो!"

"तू मध्येच थांबतेस."

"थांबत नाही, तुम्ही पळताय!"

दुसऱ्या सकाळी भांडण थांबलं. खोलीत फक्त माझा आवाज होता, बारीक किर्रकिर्र. काकू रेटत होत्या, काका फिरवत होते, आणि माझ्यापुढे पोलादाची केसासारखी कुरळी तार निघत होती. इतकी वर्षं डब्यात पडून राहिलेली मी, पण त्या सकाळी मला पुन्हा नवी झाल्यासारखं वाटलं. शेवटी काकूंनी त्या ओरखड्याशेजारी आणखी एक रेघ ओढून ती टोकाशी जुळवली आणि त्याचं गवताचं एक पातं करून टाकलं.

मालक आले. दोन्ही पट्ट्या खिडकीत नेऊन त्यांनी वेलींवरून भिंग सावकाश फिरवलं. काकूंनी पदर घट्ट धरला होता.

"हात तोच आहे," मालक म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण इथे गवताचं एक पातं जास्त आहे."

काकू म्हणाल्या, "ही बंदूक मागाहून झाली ना, मालक. तोवर गवत वाढलं."

मालक हसले, पट्ट्या कापडात गुंडाळल्या आणि भट्टीकडे निघाले. ते गेल्यावर काकांनी काकूंचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला. काकूंच्या बोटांना तेल होतं, ते पुसायचं दोघांनाही सुचलं नाही.

तेव्हापासून ती दोघं मिळून काम करतात आणि मी रोज काकूंच्या हातात असते. धार लागते, मी झिजते. एक दिवस मी त्यांनाही आखूड होईन, हे मला माहीत आहे. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. जुनी वस्तू तुमच्या हाताला पुरेनाशी झाली, तर ती लगेच टाकू नका. तिच्यावरची धूळ पुसा आणि एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी तळहातावर ठेवून पाहा.