बुरशीचं दुखणं

शहाण्णव साली मिरजेच्या पूर्वेकडल्या पानमळ्यांवर मर आली. तशी ती दर पावसाळ्यात यायची, चार वेल नेऊन गप्प बसायची. त्या साली मात्र श्रावणातली झड उघडेना, माती तळव्याला चिकटून वर यायची, आणि बनुबाईच्या मळ्यात सकाळी हिरव्यागार दिसणाऱ्या ओळी दोन दिवसांत माना टाकायच्या. बुडाशी उकरलं की पांढरं सूत, आणि त्यात मोहरीएवढे तांबूस दाणे.

मळा तिच्या नवऱ्यानं, कृष्णातनं, लावलेला. पोटी मूल नव्हतं. तो गेला तेव्हा त्याच्या हातचं एवढंच मागं राहिलं.

पण मावळतीच्या कोपऱ्यात, हादग्याखाली, नवल होतं. तिथल्या वेलांनाही तेच सूत लागलेलं, तरी ते पिवळे पडून पुन्हा फुटत होते. शेजारच्या बौद्धवस्तीतल्या बायडाबाईची लेक आम्रपाली शेतीच्या कॉलेजात पिकांचे रोग शिकत होती. ती सुट्टीला आलेली बघून बनुबाईनं तिला हाक मारली.

पानमळा म्हणजे सोवळ्याचं काम. चपला बाहेर, विटाळातली बाई बाहेर, आणि बायडाबाईच्या वस्तीतलं माणूस तर पिढ्यान्‌पिढ्या बांधापर्यंतच. आम्रपाली चपला काढून बांधावर थांबली.

"येऊ न्हवं, काकी?"

"ये की. वेल मराय लागल्यावर कसलं सोवळं."

पोर कोपऱ्यात उकिडवी बसून बराच वेळ उकरत राहिली. मग हसली.

"काकी, हितली बुरशी आजारी दिसती."

"बुरशी आजारी? मला काय येडी समजलीस?"

"न्हाई वं. माणसाला जसा ताप येतो, तसा हिलाबी विषाणूचा रोग लागला आसंल. परदेशात एका झाडाचा रोग आसाच हटवलाय. आजारी बुरशी चांगल्या बुरशीशेजारी सोडायची. तिला लागण झाली की वेल मारायची ताकद ऱ्हात न्हाई."

"मंजी चोरावर मोर."

"तसंच. पण एक मेख हाय. सूत सुताला मिळालं तरच रोग पुढं जातो, आन् ते आपल्या भावकीतल्याच सुताला मिळतं. परक्याला जवळ करत न्हाई."

"भावकी तिथंबी हाय का?" बनुबाई म्हणाली. "मग झालंच कल्याण."

आम्रपालीनं बाटलीत माती आणि सूत घेतलं. "कॉलेजात तपासते. दिवाळीला आले की ओळीओळीनं पसरून बघू. जमंलच आसं न्हाई. पर तवर ह्या कोपऱ्याला कुणाला हात लावू देऊ नका."

पोर मळ्यात शिरल्याचं थोरल्या दिराच्या, आप्पासोच्या, कानावर गेलं. घटाची माती दर वर्षी ह्याच मळ्यातनं जायची. घट बसायच्या आदल्या दिवशी तो दोन गडी घेऊन आला. गड्यांनी कोपऱ्यातले वेल मुळासकट उपटले आणि वाळल्या पाल्यावर रचले.

बनुबाई आडवी गेली. "भावजी, तेवढा कोपरा ऱ्हाऊ द्या. औषध हाय त्यात."

"रोगाचं औषध रोगात? घरात साप निघाला तर दूध पाजून ठेवशील व्हय?"

"आम्रपाली म्हणली..."

"तिचं नाव काढू नगंस. देवाच्या घटाला माती जायची हाय हितली."

तिनं गड्यांकडं बघितलं. ते खाली बघत होते. सातबाऱ्यावर नाव आप्पासोचं होतं. वेल जळले, जागेवर चुना पडला, त्यावर गोमूत्र शिंपडलं. ओल्या वेलांचा धूर सगळ्या मळ्यावर पसरला आणि बनुबाईच्या डोळ्यांना तेवढं निमित्त मिळालं.

दिवाळीला आम्रपालीनं तो पांढरा डाग बघितला. आत आलीच नाही. एवढंच म्हणाली, "बाटली हाय अजून. त्यातनं वाढवू."

संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आली आणि बांधावर बसली.

"काकी, बुरशी बरी झाली."

"कुठली?"

"बाटलीतली. एका बाटलीतनं दुसरीत लावत गेले, त्यात तिचा रोगच निघून गेला. आता ठणठणीत हाय. लावल्यालं रोप चार दिवसात मारती. तसली आजारी बुरशी पुन्यांदा लय मळ्यात हुडकली, घावली न्हाई."

बनुबाई तिळगूळ मुठीत धरून बसली. "आमच्या घरात कुणाला बरं व्हायचं सुचलं न्हाई," ती म्हणाली, "आन् हिलाच सुचलं."

दोन पावसाळ्यांत मळा बसला. तिथं ऊस आला. आप्पासोचा पलीकडचा मळाही त्याच रोगानं गेला. मरेपर्यंत तो म्हणत राहिला, रोग त्या पोरीच्या पायानं आला. बायडाबाई कडेगावला थोरल्या लेकाकडं, महेंद्रकडं, गेली आणि तिथंच वारली. आम्रपालीला फलटणकडं नोकरी लागली, उसाची. गावाकडं आली की ती बनुबाईकडं चहा घेते, आत, चुलीपाशी बसून.

बनुबाईनं न्हाणीच्या पाण्यावर एक वेल लावलाय. पावसाळा आला की ती बुडाशी उकरून बघते. पांढरं सूत दिसलं की त्याला विचारते, "बरी हायस का गं?"

बरीच असते. वेल मान टाकतो, आणि बनुबाई कुणाच्या तरी मळ्यातनं दुसरी कांडी मागून आणते.