रास्मीचा दगड

आमच्या बेटावरचा वारा असा, की मी एकदा हासडलेली शिवी पलीकडच्या बेटावर जाऊन पाद्रीबाबांना लागली. अजून ते माझ्याशी बोलत नाहीत.

असल्या वाऱ्यातही शेजारची ओस्ला दर रविवारी टेकडी चढायची. वर पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचं थडगं आहे, दगडांवर दगड रचलेलं. समुद्रानं माणूस नेला आणि परत दिला नाही, की त्याच्या बायकोनं किनाऱ्यावरचा एक दगड तिथे नेऊन ठेवायचा. तीच त्याची कबर. दगडावर नाव मात्र कोरायचं नाही. नाव दिसलं की समुद्र त्याला शोधत वर येतो म्हणे. ओस्लाचा नवरा रास्मी होडीसकट गेला, तेव्हापासून त्याचाही दगड तिथे होता. त्यातल्या खळग्यात अंगठा टेकवून ती त्याला आठवडाभराच्या चुगल्या सांगायची.

या वसंतात थडगं सरकारी संरक्षणात गेलं. भोवती तार आली, पाटी आली. आणि ‘नंतर टाकलेले’ सगळे दगड ट्रॅक्टरनं खाली नेऊन किनाऱ्यावर ओतले.

“आजी, आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो,” सरकारी बाई रडवेली झाली होती. “कोणता होता? काही खूण?”

“राखाडी,” ओस्ला म्हणाली.

अख्खा किनाराच राखाडी. त्यातून मधे उधाण येऊन सगळं घुसळून गेलेलं.

ती वाकून एकेका दगडावर अंगठा फिरवू लागली. मीही शोधत होतो.

“अगं, बस जरा. कंबर मोडेल.”

“मोडू दे. तुझी जीभ कशी मोडत नाही रे, जेकब?”

तेवढ्यात मला एक खळगेवाला सापडला. “हा बघ! हाच! तुझ्या चुगल्या ऐकून कसा चेहरा पाडलाय!”

तिनं अंगठा टेकवला.

“रास्मीचा दगड तू कधी हातात तरी घेतला होतास?”

“घेतला होता की! मीच तर—”

“खोटारड्या,” ती म्हणाली. रागानं नाही. दगड तिनं हळूच खाली ठेवला. “हा दुसऱ्या कुणाचा तरी असेल. त्याच्या बायकोला सापडू दे.”

त्या दुसऱ्या सगळ्याजणी कधीच मरून गेल्या होत्या. मी पुढचा दगड उचलला.

भरती चढेपर्यंत ती शोधत राहिली. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

पुढच्या रविवारी वारा पडलेला होता, चढायला सोपं. ओस्लाच्या धुराड्यातून धूर येत होता, पण दार काही उघडलं नाही.