वीतभर आखूड पूल

मित्रांनो, माझ्या दोन्ही टोकांना रूळ आहेत, पण मी एकटा असलो की त्यांच्यापुढे काहीच नाही. मी एक जुना पूल आहे, लाकडी फळीवर उभारलेला, खेळण्यातल्या छोट्या आगगाडीचा.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या आर्विडने मला त्याच्या गॅरेजमध्ये घडवलं. अशा छोट्या आगगाड्यांचा छंद असलेल्या त्यांच्या मंडळाची रीतच तशी. ज्याने त्याने आपल्या घरी एकेक तुकडा करायचा आणि हिवाळ्यात चर्चच्या तळघरात सगळे जोडून मोठं रिंगण करायचं. आर्विडने माझ्याखाली राळेची नदी ओतली, काठावर पिवळ्या खिडकीचं घर ठेवलं. त्याचं आणि त्याच्या बायकोचं, इंगाचं घर. पण मापात चुकला. मी वीतभर आखूड निघालो.

"अरे आर्विड, मोजपट्टी उंदरांनी खाल्ली की काय?" मंडळातली व्हर्ना हसली.

"तू नदी अरुंद आहे असं समज की!"

दुसरा पूल कर, असं त्याला कुणी म्हटलं नाही. व्हर्नाने माझ्या शेजारचा आपलाच बोगदा वीतभर वाढवला. तेव्हापासून त्या जागी माझ्याशिवाय कुणीच बसेना.

गाडी माझ्यावरून गेली की आर्विड फळीखाली तळहात धरायचा. "थरथर लागते बघ, इंगा!" ती लांबूनच हसायची.

मग आर्विड गेला. इंगाने मला भिंतीशी टेकवलं. अंगावर रंगाचे डबे आले, नदीवर धूळ बसली. डब्यांचं काही नाही हो; मला त्या थरथरीची आठवण यायची.

एके दुपारी व्हर्ना आली. "अगं इंगा, पूल दे ना."

"नाही. त्यात आमचं घर आहे. तुम्ही दुसरा करा, नीट मापातला."

"मग माझा बोगदा कापावा लागेल. आर्विडसाठी वाढवलेला. मी नाही कापायची. गाड्या खिंडारापर्यंत येतात आणि मागे फिरतात, फिरू देत."

इंगा माझ्याकडे वळली. मग एकेक डबा खाली ठेवत म्हणाली, "एक टोक तू धर. आणि हिवाळा सरला की घर परत माझ्याकडे."

"बरं बाई, घर तुझं, नदीतला गाळ माझा!"

मित्रांनो, कुणी जीव लावून केलेली वस्तू तुमच्या घरी भिंतीशी टेकली असेल, तर तिची धूळ पुसा; पण पुसून पुन्हा भिंतीशी ठेवू नका. तिला तिच्या माणसांत न्या.

आज चर्चच्या तळघरात बोगद्यातून गाडी आली तेव्हा माझ्याखाली एक तळहात होता. आर्विडचा नव्हता. गाडी केव्हाच पुढे गेली, तरी इंगाने हात काढलेला नाही. फेरी पुरी करून गाडी परत येईल, हे आता तिलाही ठाऊक आहे.