आपणहून आलेला

"तुम्ही लोक माणसं मेल्यावरच गाड्या अडवता, साहेब. आधी अडवल्याचं एक तरी उदाहरण दाखवा," असं म्हणत ड्रायव्हर ट्रकखाली सरपटत गेला आणि मागच्या चाकाजवळच्या रबरी नळीवर त्याने बोट ठेवलं.

आरटीओचा निरीक्षक त्याच्यामागे वाकला. वर केबिनमध्ये ब्रेकचं पॅडल लाकडी दांडा टेकवून दाबून ठेवलं होतं, आणि नळीच्या टोकाशी असलेल्या डब्यातून हवा फुसफुसत बाहेर पडत होती. पलीकडच्या चाकाची नळी मात्र दुमडून तारेने आवळलेली होती.

"ती का बांधलीय?"

"तिकडच्या डब्यातला रबरी पडदापण फाटलाय. हवा निघून गेली की सगळेच ब्रेक जातात. म्हणून फाटक्या चाकाची नळी आवळायची. त्या चाकाला ब्रेक नाही, पण बाकीच्यांना राहतो. सगळे असंच चालवतात."

"आणि ही?"

"हीपण आवळलेलीच होती. इथे आल्यावर मीच सोडली. तुमच्या डोळ्यांना दिसावं म्हणून."

निरीक्षकाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. खराब ब्रेक लपवणारे त्याने पुष्कळ पाहिले होते.

रस्त्याकडेच्या तंबूवर फलक होता, 'स्वेच्छा सुरक्षा तपासणी. आपणहून या, निर्धास्त या.' निर्धास्त कोणी आलं नव्हतं. समोरून येणारे ड्रायव्हर हेडलाइट मिचकावून तंबूकडे निघालेल्यांना सावध करत होते आणि ट्रकांची रांग आतल्या कच्च्या रस्त्याने धुरळा उडवत निघून जात होती. यालाही तिघाचौघांनी दिवे दाखवले, एकाने तर काच खाली करून शिवी घातली. तरी हा सरळ आला. तंबूतला मोठा साहेब इतका खूश झाला की त्याने ड्रायव्हरच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने टोपी घातली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला.

ट्रक मेहुण्याचा होता, बायकोच्या थोरल्या भावाचा. ब्रेकचं ड्रायव्हरने त्याला सतरांदा सांगितलं होतं. शेवटचं सांगितलं ते सगळे जेवायला बसलेले असताना.

"दाजी, तुम्हाला शोरूममधून गाडी काढून दिली तरी तुम्ही तिची नाडी बघत बसाल," मेहुणा म्हणाला होता. सगळे हसले. मग तो भात कालवत म्हणाला, "भीती वाटत असेल तर उतरा. धाकट्याला बसवतो. तो कधीचा मागे लागलाय."

वाढता वाढता बायकोचा हात तसाच थांबला. धाकटा भाऊ तिच्याच कडेवर वाढलेला. त्याच्या लायसन्सची शाई वाळली नव्हती आणि त्याची बायको पोटुशी. धाकटा मान खाली घालून गालातल्या गालात हसत होता, पोराला खेळणं मिळणार असल्यासारखा.

तेव्हापासून ड्रायव्हरने उतरण्याचं नाव काढलं नाही. तो उतरला असता तरी गाडी रस्त्यावरून उतरणार नव्हती. अडवायचं होतं गाडीलाच, आणि ते कुणीतरी वर्दीतल्या माणसाने.

दोघे ट्रकखालून बाहेर आले. निरीक्षकाने हात पुसले.

"ही घेऊन पुढचा घाट उतरू नका."

"मग अडवा."

"नाही अडवता येत."

"का? धोका नाही?"

"धोका आहे. पण हे शिबिर ऐच्छिक आहे. आपणहून आलेल्यावर कारवाई करायची नाही, असं वरून आहे. नाहीतर येणार कोण?"

"तसंही कोण आलंय?"

निरीक्षकाने रिकाम्या खुर्च्यांकडे बघायचं टाळलं.

"असं करा," ड्रायव्हर आवाज उतरवून म्हणाला, "मी आपणहून आलो नाही. पळत होतो, तुम्ही पाठलाग करून धरलं. होईल?"

"तुमचा फोटो निघालाय."

एवढ्यात मोठा साहेब स्टिकर घेऊन आला आणि समोरच्या काचेवर तळहाताने दाबून दाबून चिकटवू लागला.

"आता यावरची मुदत संपेपर्यंत तुम्हाला रस्त्यात कोणी थांबवणार नाही. आपणहून येणाऱ्याला तेवढा मान नको?"

"साहेब, गाडी खराब निघालीय."

"ते आम्ही तुम्हाला सांगितलं ना? स्टिकर तपासल्याचं आहे, चांगली असल्याचं नाही."

ड्रायव्हर पक्कड घेऊन पुन्हा खाली गेला. नळी उघडी ठेवून गाडी हलवणं शक्य नव्हतं. एका हाताने नळी दुमडायची आणि दुसऱ्याने तार पिळायची, ते त्याला रोज जमायचं. आज पक्कड सटकत होती. थोड्या वेळाने निरीक्षक शेजारी येऊन आडवा झाला आणि त्याने दुमडलेली नळी मुठीत घट्ट धरली. ड्रायव्हरने तार आवळली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

तो केबिनमध्ये चढला तेव्हा फोन वाजत होता.

"दाजी, मानलं तुम्हाला," मेहुणा म्हणाला. "टोपी घालून नवरदेव दिसताय. फोटो सगळीकडे फिरतोय."

"ब्रेक खराब आहेत म्हणून सांगितलंय त्यांनी."

"पण सोडलं ना? मग झालं तर. तुम्ही माल उतरवला की एसटीने घरी या, आराम करा. परतीचा माल धाकटा आणेल. त्याला निघायला सांगितलंय."

"त्याच्या हातात ही गाडी द्यायची नाही."

"अहो, सरकारने तपासलीय. आता तुम्ही काय सरकारपेक्षा शहाणे?"

फोन बंद झाला. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. तंबूच्या पुढे प्लॅस्टिकचे शंकू लावून रस्ता अरुंद केला होता. तिथवर त्याने गाडी पायी चालल्यासारखी नेली, मग स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. ट्रक रस्त्यात आडवा उभा राहिला. इंजिन बंद करून, किल्ली काढून तो खाली उतरला. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला.

मोठा साहेब धावत आला. "वेड लागलं का? काढ ती गाडी. वाहतूक अडवल्याबद्दल गुन्हा दाखल होईल, कळतंय?"

"कळतंय. गाडी जप्त होईल?"

मोठ्या साहेबाने निरीक्षकाकडे पाहिलं. उत्तर निरीक्षकाने दिलं, हळूच.

"होईल."

ड्रायव्हरने किल्ली टेबलावर ठेवली.

"करा मग. पण आधी एक सांगा. मी माझ्या पायांनी आलो, ब्रेक उघडे करून दाखवले, हात जोडायचे बाकी ठेवले. तेव्हा तुमच्याकडे कायदा नव्हता. आता जागेवर उभी आहे, एका मुंगीलाही चिरडणार नाही, तर लगेच कायदा निघाला. हे असं कुणी ठरवलं? मला त्या माणसाचं नाव पाहिजे. तुम्ही सांगता की हे सांगतात? मी इथून हलत नाही. बोला."