गादीवरचा दर्या

सिद्धाराम दुकानाच्या गादीवर पाय पसरून बसला होता आणि कापड मोजायचा लोखंडी गज वल्ह्यासारखा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारत होता. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला सुग्रीव तोंड उघडं टाकून ऐकत होता. चहाचे कप घेऊन माजघराच्या दारात उभ्या असलेल्या कावेरीला वाटलं, तो गज हिसकून घ्यावा आणि दोघांच्याही पाठीत घालावा.

“किती मोठी म्हणायची लाट?” सुग्रीवनं विचारलं.

“थर्मल वीजघराचं धुराडं बगितलंस ना? त्याच्या निम्मी धर.”

“आन् तू त्या प्लास्टिकच्या होडीत एकटा?”

“एकटाच. गळाला सुरमई लागलेली. ती पुढं वढतीय, बाजूनं लाट येतीय, कयाक पार आडवी. तसाच तोल सावरला बग! ती मजा सांगून कळायची न्हाई, सुग्रीव.”

कावेरीनं कप असे आदळले की निम्मा चहा बशीत आला. मजा म्हणे! रत्नागिरीकडं बँकेत नोकरी लागली तेव्हा सगळ्या आळीत पेढे वाटले होते; तिथं जाऊन नवऱ्यानं हे दिवे लावले. कोळ्यांनीसुद्धा पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या होत्या, नारळ वाहिल्याशिवाय त्यांतला एक जण पाण्यात उतरत नव्हता, आणि परळीच्या लिंगायत वाण्याचा हा पोरगा खवळलेल्या समुद्रात एकटा शिरला होता. तेही कशासाठी? घरात अंडंसुद्धा चालत नाही. मासा धरायचा, त्याच्या गालाला गाल लावून फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. त्या माशानं याचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

त्या दिवशी तो थरथरत घरी आला आणि ‘काय न्हाई झालं’ एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी कावेरीनं गाडी पकडली. माहेरी नाही गेली, परळीला सासरीच आली. सासऱ्यांपुढं नवऱ्याचं तोंड उघडत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आता तो तिला न्यायला आला होता आणि आल्या आल्या गादीवर दर्या मांडून बसला होता.

सुग्रीव उठून गेला तसे वैजिनाथअप्पा हिशेब सोडून मुलाकडं वळले.

“झाला का दर्या? ठिव तो गज. आपल्या घरात कुनी वाण धरणात पाय बुडवला न्हाई आजवर. खायचा न्हाई, इकायचा न्हाई, मंग मासा धरायचा कावून?”

“अप्पा, त्याला छंद म्हणत्यात.”

“असला छंद रिकामटेकड्याला. तुला बायको हाय.” अप्पांनी आवाज खाली आणला. “हे बग. लिंगाची आण घे, पुन्हा त्या प्लास्टिकच्या काहिलीत बसणार न्हाई म्हणून. घेतलीस तर सून उद्या तुज्याबरुबर यील. न्हाई तर ती हितंच ऱ्हाईल.”

कावेरी पडद्याआड श्वास रोखून उभी राहिली. सिद्धाराम फेकाफेक करायचा, थापा मारायचा, पण गळ्यातल्या लिंगाला हात लावून तो कधी खोटं बोलत नसे. कॉलेजात असताना आईनं आण घालून विचारलं, तेव्हा मान खाली घालून सिगारेट कबूल केली होती त्यानं. म्हणजे आता वाद घालणार, चिडणार, तिकडंच कायमचा राहतो म्हणणार.

त्यानं सदऱ्यावरून छातीवरच्या लिंगाच्या डबीवर हात ठेवला.

“घेतो आण. पुन्हा न्हाई जाणार.”

पाणी मागावं इतक्या सहज म्हणाला. अप्पा खूश झाले. कावेरीला मात्र हायसं वाटेना. एवढं सोपं होतं, तर दोन वर्षं आपण याच्यापुढं डोकं का फोडत होतो?

आत सासूबाई, शिवकांताबाई, पानं मांडत होत्या. “त्याची पूजा व्हायचीय,” त्या म्हणाल्या, “तेवढा बेल दे त्याला.”

देवघराचं दार त्यानं कधी नव्हे ते ओढून घेतलं होतं. कावेरीनं ते ढकललं. सिद्धाराम उघड्या अंगानं पाटावर बसला होता, डावा हात पुढं धरून. उजव्या हातानं तो पळीनं त्या तळहातावर पाणी सोडत होता. पूजेचं लिंग असायचं त्या तळहातावर काहीच नव्हतं. शेजारी उघडी पडलेली चांदीची डबी कोरीकरकरीत होती आणि आत सोनाराचा गुलाबी कागद तसाच होता.

“कवा गेलं?” तिनं विचारलं.

पळी थांबली. “त्या दिवशी.”

“तोल सावरला म्हणत होता ना?”

“न्हाई सावरला. उलटली. जाकिटाचा पट्टा अडकला खाली. गळ्यातला दोरा कवा तुटला कळलंच न्हाई.” त्याचा आवाज अगदी बारीक झाला. “लई वेळ पाण्याखाली होतो, कावेरी. वाटलं, संपलं.”

त्याचा तो ओला हात धरावासा वाटला तिला.

“आन् गळ?” तिनं विचारलं.

“गळाचं काय?”

“तो बी गेला का?”

तो ताम्हणातल्या पाण्याकडं बघत राहिला.

“तो हातात होता,” म्हणाला. मग घाईनं, “अप्पांना सांगू नको. तिकडं गेल्यावर नवं घेतो गुपचूप.”

तिनं बेलाची पानं पाटाजवळ ठेवली आणि बाहेर आली. अप्पा हात धुऊन पानावर बसले होते. शिवकांताबाई सिद्धारामच्या ताटात भाकरी वाढत होत्या.

“आत्याबाई, ह्यांचं ताट राहू द्या.”

“कावून गं?”

“लिंगाबिगर कसं जेवायचं? आधी मठातल्या स्वामींना बोलवा. त्यांनी लिंग दिल्यावर जेवतील.”

“दिल्यावर? अगं, त्याचं कुटं हाय?”

“दर्यात,” कावेरी म्हणाली. “गळ तेवढा वाचलाय.”

अप्पांचा हात स्वतःच्या छातीकडं गेला.

“मंग मगाशी,” अप्पा हळू म्हणाले, “त्यानं हात कशावर ठिवला होता?”

कावेरीनं नवऱ्याच्या ताटातली भाकरी उचलली आणि दुरडीत परत ठेवली.