पाटी कुणाची

पेंटरच्या बायकोच्या डोळ्यांदेखत रस्तेखात्याची माणसं त्यांच्या दुकानासमोर खड्डा खणून गेली ती गेलीच. कठडा नाही, दिवा नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या तिच्या नवऱ्याला राहवेना. त्याने लाल अक्षरांत ‘सावधान, खड्डा’ अशी झकास पाटी रंगवली आणि खड्ड्याच्या तोंडाशी उभी केली. नसती उठाठेव, दुसरं काय! एका संध्याकाळी वाऱ्याने पाटी आडवी झाली. ती सरळ करायला हा गेला, कडेची माती ढासळली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. हाड जुळलं, पण ब्रश धरला की हात थरथरतो. पेंटरचा हातच गेल्यावर उरलं काय?

तिने त्याला खात्यावर भरपाईचा दावा ठोकायला लावलं. खातं म्हणालं, रस्ता आमचा नाही, पाणीवाल्यांचा. पाणीवाल्यांनी ठेकेदाराकडे बोट दाखवलं. खेटे घालून तिच्या चपला झिजल्या, पण रस्ता कुणाच्याच बापाचा निघेना. मग खात्याच्या वकिलाला त्या पाटीचा फोटो सापडला, आणि रस्ता एका रात्रीत खात्याचा झाला, कारण पाटीही खात्याची झाली! खात्याने धोक्याचा इशारा देऊन आपलं कर्तव्य केलं होतं, तरी माणूस पडला तर सरकार काय करणार, असं वकिलाने कोर्टात साळसूदपणे सांगितलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता पाटी नवऱ्याची ठरली तरच दावा टिकणार होता. एरवी तो प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात सही करायचा. या पाटीवर मात्र केली नव्हती, कारण फुकटच्या कामात मिरवायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. शेजारच्या दुकानदारांना खात्याशी वाकडं नको होतं, त्यामुळे साक्षीला बोलावल्यावर त्यांना काही आठवेना.

शेवटी न्यायाधीशांनी ती पाटी मागवली, शेजारी कोरी फळी ठेवली आणि पेंटरला तेच शब्द रंगवायला सांगितलं.

त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. ‘सा’ कसाबसा उतरला, ‘व’ घसरला, पुढची अक्षरं एकमेकांत गुंतली. त्याने ब्रश खाली ठेवला. तिला त्याच्याकडे बघवेना.

वकिलाने दोन्ही पाट्या निरखून पाहिल्या. “अक्षर जुळत नाही, साहेब.”

ती ताडकन उभी राहिली. “जुळलं असतं तर आम्ही इथे कशाला आलो असतो, साहेब?”

न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.