पाचवा मणी

मासुएचा अंगठा पुन्हा कोऱ्या लाकडावर आपटला, आणि सगळ्या वर्गाला तो आवाज ऐकू गेला.

पहिल्या बाकावरची कियोका हळूच म्हणाली, "बाई, तिथे मणी नाहीये."

"दिसतंय मला," मासुए म्हणाली. वर्गात खसखस पिकली.

काको नदीच्या काठी, जिथे घरोघरी सोरोबानचे मणी कातले जात, तिथे हिशेबात मासुएचा हात धरणारं कुणी नव्हतं. हिशेबाची ही मण्यांची चौकट, सोरोबान, तिच्या हातात चौथ्या वर्षी आली ती वडिलांकडून. ते, तोमेकिची, गावात सोरोबानची शिकवणी चालवत. त्यांच्या चौकटीत प्रत्येक काडीवर आडव्या पट्टीच्या वर एक मणी, खाली पाच. वरचा मणी पट्टीला टेकवला की पाच, खालचा एकेक टेकवला की एकेक. या वर्षी शाळेत नवी पुस्तकं आली आणि त्यांच्याबरोबर नव्या चौकटी. खाली चारच मणी.

एक मणी कमी, त्यात काय एवढं, असं तिलाही वाटलं होतं. पण तिनात दोन मिळवायचे म्हटलं की अंगठा जुन्या सवयीनं दोन मणी वर ढकलायला धावायचा. वर सरकायला एकच मणी शिल्लक असायचा. आता वरचा पाचाचा मणी खाली आणायचा आणि खालचे तीन सोडून द्यायचे. मुलींना ते पहिल्याच आठवड्यात जमलं. त्यांच्या बोटांना विसरायचं काहीच नव्हतं. मासुएच्या बोटांना आख्खं आयुष्य विसरायचं होतं.

त्यात मुख्याध्यापक हिरोओकांनी आज जिल्ह्याच्या पाहुण्यांना वर्ग दाखवायला आणलं.

पाहुणे आकडे वाचू लागले. मुलींची बोटं मण्यांवरून टपटप धावली. मासुएनं फळ्यावर टांगलेल्या मोठ्या चौकटीवर बेरीज करायची होती. दोनदा तिचा अंगठा अडला, तिसऱ्यांदा आकडा निसटला. मुलींची उत्तरं एकसारखी आली, बाईंचं वेगळं.

"बाईंची तब्येत बरी नाही," हिरोओका घाईनं म्हणाले.

"तब्येत ठणठणीत आहे," मासुए म्हणाली. "माझं उत्तर चुकलं. मुलींचं बरोबर आहे."

पाहुण्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. ते गेल्यावर हिरोओकांनी तिला बोलावलं. "पुढच्या महिन्यापासून सोरोबानचा तास दुसऱ्या वर्गाच्या नागुरांकडे देतो. तुम्ही शिवण घ्या."

"सर, नागुरांना माझ्या निम्म्यानंही येत नाही."

"पण जेवढं येतं तेवढं चार मण्यांवर येतं."

घरी येऊन तिनं चौकट अशी टाकली की खडखडाट ऐकून तोमेकिची आतून आले.

"मण्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

तिनं सगळं सांगितलं. म्हातारा भडकला. "चार मणी! अगं, कंजूषपणा आहे हा, दुसरं काय. उद्या म्हणतील एका हाताला चारच बोटं पुरेत."

"बाबा, पण पाचवा लागतच नाही. पाच झाले की वरचा आहेच की. मला समजतंय सगळं. बोटांना समजत नाही, त्यानंच डोकं फिरतंय."

तोमेकिची फडताळाकडे गेले आणि त्यांनी एक काळपट चौकट काढून तिच्यापुढे ठेवली. तिच्यात पट्टीच्या वर दोन मणी होते, खाली पाच.

"ही कुणाची?"

"तुझ्या आजोबांची. चीनमधून आली तशीच. तिथं वजनाच्या एका शेराचे सोळा भाग करतात, म्हणून एकेका काडीवर पंधरापर्यंत मोजता यायला हवं. आपल्याला दहाच्या पुढे काय करायचंय? माझ्या तरुणपणी वरचा एक मणी गेला."

"आजोबा काय म्हणाले?"

तोमेकिचींनी नाक फेंदारलं. "वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. म्हणायचे, अर्धवट वस्तूवर हिशेब करणारा पोरगा माझा नव्हे."

मासुएला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आजोबांचं सोडा, वडिलांच्या चौकटीतून मणी गेला तो वरचा. तो त्यांनी कधी फारसा वापरलाच नव्हता. तिचा गेला तो ऐन अंगठ्याखालचा.

तिनं नवी चौकट ओढली आणि लहान मुलीसारखं एकापासून सुरू केलं. एकात एक. दोनात एक. तिनात दोन, आणि पुन्हा तो लाकडाचा आवाज.

"आण इकडे," तोमेकिची म्हणाले. "एवढं काय अवघड आहे त्यात, बघू दे."

त्यांनी बाह्या सावरल्या. पहिल्या दोन बेरजा झटक्यात झाल्या. तिसरीला अंगठा वर गेला आणि थांबला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा थांबला.

"कुठं गेला मेला!"

"वरचा पाच खाली आणा, बाबा. खालचे तीन सोडा."

"मला शिकवतेस?"

"हो."

त्यांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि चौकट मांडीवर अधिकच घट्ट धरली. रात्रीच्या जेवणाला वाढलेलं सूप निवलं. तिनं दोनदा हाक मारली, तरी ते उठेनात. शेवटी तिनं आपला वाडगा उचलून त्यांच्या शेजारी बसून खाल्लं. ते पुटपुटत होते, तीन आणि दोन, तीन आणि दोन, आणि दर वेळी लाकडावर अंगठा आपटला की ती त्यांच्या आधी चिडत होती.